क्लोरीनच्या भावाने पाणी : ब्लीचच्या किमतीचा इतिहास

१/
अमेरिकेत उन्हाळा लागला, की घरामागे पोहण्याचा तलाव असलेल्या कुटुंबांपुढे दरवर्षी एक हिशेब उभा राहतो. तलावासाठी क्लोरीनची मोठी बादली विकत घ्यावी, की किराणा दुकानातील कपड्यांचे ब्लीच पाण्यात ओतावे? पाण्यात गेल्यावर जंतू मारण्याचे काम दोन्हींकडून एकच पदार्थ करतो. भाव मात्र निराळे. ही तफावत कोठून आली, याचे उत्तर दोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात सापडते.

२/
अठराव्या शतकाच्या युरोपात कापड शुभ्र करणे हे महिनोन्महिने चालणारे काम होते. लिननचे कापड राखेच्या क्षारात उकळायचे, आंबट दुधात भिजवायचे आणि कुरणावर उन्हात पसरून ठेवायचे. हा क्रम पुन्हा पुन्हा चाले. त्यासाठी मोठी जमीन अडकून पडे, आणि उघड्यावरचा माल चोरांना सहज सापडे.

३/
म्हणून १७३१ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा कुरणांवरून कापड चोरणाऱ्यास थेट मृत्युदंड ठरवला. शिक्षा एवढी कठोर होती, की तिच्या भीतीने ज्यूरी आरोपींना दोषी ठरवीनाशा झाल्या. अखेर कापड शुभ्र करणाऱ्या व्यावसायिकांनीच हा कायदा नको म्हणून अर्ज केले आणि १८११ मध्ये सॅम्युअल रोमिली यांच्या प्रयत्नांनी तो रद्द झाला. पांढऱ्या कापडाची किंमत अशी माणसाच्या मानेपर्यंत पोहोचली होती.

४/
दरम्यान रसायनशास्त्राने वेगळी वाट काढली होती. १७७४ मध्ये कार्ल शेले यांनी स्वीडनमध्ये क्लोरीन वायू तयार केला. तो रंग घालवतो, या गुणाचा कापडासाठी उपयोग १७८५ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बेर्तोले यांनी दाखवून दिला. पॅरिसजवळच्या जावेल येथे हा वायू क्षाराच्या द्रावणात शोषून 'जावेलचे पाणी' तयार होऊ लागले. आजच्या घरगुती ब्लीचचा हा थेट पूर्वज होय.

५/
वाफेच्या यंत्रामुळे प्रसिद्ध झालेले जेम्स वॉट पॅरिसला गेले असता त्यांनी हा प्रयोग पाहिला आणि ग्लासगोत कापड शुभ्र करण्याचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या सासऱ्यांना कळवला. पण वायू घातक आणि द्रावण अल्पायुषी. माल दूर पाठवायचा कसा, हा प्रश्न उरलाच.

६/
त्याचे उत्तर ग्लासगोतच मिळाले. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये कोरड्या विरंजक चुर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पेटंट घेतले. विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून हे चूर्ण बनते. या शोधात त्यांचे भागीदार चार्ल्स मॅकिंटॉश यांचा मोठा वाटा होता. पहिल्या वर्षी ५२ टन माल निघाला आणि त्याचा भाव होता टनाला १४० पौंड. महिन्यांचे काम आता दिवसांत होऊ लागले.

७/
भाव ठरला, तशी नवी पंचाईत उभी राहिली. पिंपातले पांढरे चूर्ण ताजे आहे की उतरलेले, हे डोळ्यांना कळत नाही. १८२४ मध्ये गे-ल्यूसॅक यांनी निळीच्या द्रावणाचा रंग किती उडतो, यावरून चुर्णाचा जोर मोजण्याची पद्धत मांडली. पुढे 'उपलब्ध क्लोरीन' हेच मालाचे खरे माप ठरले. ग्राहक पिंपाचे वजन पाहत असला, तरी पैसे त्यातील क्लोरीनचे द्यायचे, हा विचार रुजला.

८/
किमतीची पुढची घसरण प्रदूषणामुळे झाली. धुण्याचा सोडा बनवणारे ब्रिटिश कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू हवेत सोडत आणि आसपासची शेते करपत. १८६३ च्या अल्कली कायद्याने या आम्लापैकी ९५ टक्के भाग पकडणे बंधनकारक केले. पकडलेल्या आम्लाचे करायचे काय? त्यापासून क्लोरीन आणि क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर. १८७० च्या सुमारास टनाचा भाव साडेआठ पौंडांच्या आसपास आला.

९/
भाव उतरण्याचा परिणाम कापडापुरता राहिला नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्यास भाग पाडले. आधी वापरलेले क्लोरीनजल महाग पडू लागले, म्हणून त्यांनी स्वस्त ब्लीचिंग पावडर घेतली. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला बाळंतिणींचा मृत्युदर जूनमध्ये दोन टक्क्यांच्या जवळ आला. स्वस्त पर्याय नसता, तर असा नियम रोज आणि प्रत्येकाकडून पाळून घेणे कठीण होते.

१०/
शहरांच्या पाणीपुरवठ्यातही हेच घडले. जर्सी सिटीचे पाणी शुद्ध नाही, म्हणून शहराने पाणीपुरवठा कंपनीवर खटला भरला. पाणलोट क्षेत्रात सांडपाण्याच्या वाहिन्या बांधणे फार खर्चाचे होते. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी बूंटनच्या जलाशयाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे अत्यल्प द्रावण सोडण्याची व्यवस्था केली आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी ती सुरू झाली. न्यायालयाने पुढे हा उपाय ग्राह्य धरला.

११/
आता ओकलंड, कॅलिफोर्निया. ३ मे १९१३ रोजी पाच जणांनी प्रत्येकी १०० डॉलर घालून एक कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी मिठागरे होती. त्या खाऱ्या पाण्यातून वीज सोडून सोडियम हायपोक्लोराइट बनवायचे, ही कल्पना. क्लोरीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या नावांचे तुकडे जोडून उत्पादनाचे नाव ठेवले 'क्लोरॉक्स'.

१२/
हा माल घरांसाठी नव्हता. द्रावण २१ टक्के तीव्रतेचे. गिऱ्हाईक म्हणजे धुलाईचे कारखाने, मद्याच्या भट्ट्या, नगरपालिकांची जलकेंद्रे. पाच गॅलनच्या, परत करायच्या भांड्यांतून तो घोडागाडीने पोहोचवला जाई. म्हणजे आरंभी क्लोरॉक्स हेच 'ठोक क्लोरीन' होते. धंदा मात्र चालेना.

१३/
कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या विल्यम मरे यांच्या पत्नी ॲनी मरे ओकलंडमध्ये किराणा दुकान सांभाळत. १९१६ मध्ये त्यांच्या आग्रहाने ५.२५ टक्के तीव्रतेचे सौम्य द्रावण तयार झाले. त्याच्या लहान बाटल्या त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना फुकट वाटल्या. मागणी वाढत गेली आणि अमेरिकेतील घरगुती ब्लीचला त्याचे रूप मिळाले.

१४/
हिशेब साधा आहे. २१ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये पाणी मिसळले, की ५.२५ टक्क्यांचे सुमारे चार लिटर होतात. घरच्या मोरीत २१ टक्के द्रावण हाताळणे धोक्याचे, म्हणून पातळ करण्यात शहाणपण होते. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक मुख्यतः पाणी, बाटली आणि वाहतूक यांचे पैसे मोजू लागले.

१५/
तलावांची वाट वेगळी होती. १९१० च्या सुमारास ब्राऊन विद्यापीठाच्या तलावात क्लोरीनचा प्रयोग झाला. १९२८ पासून अमेरिकेत कॅल्शियम हायपोक्लोराइट व्यापारी प्रमाणावर बनू लागले. या कोरड्या पदार्थात ६५ टक्क्यांहून अधिक उपलब्ध क्लोरीन असते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी तलाव झाले आणि ठोक क्लोरीनची बादली सामान्य ग्राहकाच्या हाती आली.

१६/
बाटलीच्या भावाचे खरे विच्छेदन झाले ते न्यायालयात. १९५७ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने क्लोरॉक्स विकत घेतली. स्पर्धा मारली जाईल, असा आक्षेप फेडरल ट्रेड कमिशनने घेतला आणि १९६७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले.

१७/
त्यातील नोंदी बोलक्या आहेत. ब्लीच म्हणजे ५.२५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट आणि ९४.७५ टक्के पाणी; सगळ्या कंपन्यांचा माल रासायनिकदृष्ट्या एकच. माल जड आणि स्वस्त, म्हणून कारखान्यापासून ३०० मैलांपलीकडे पाठवणे परवडत नाही. तरीही देशाच्या बाजारपेठेचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या क्लोरॉक्सकडे होता.

१८/
कसा? १९५७ मध्ये कंपनीची विक्री चार कोटी डॉलरच्या किंचित खाली होती. त्या वर्षी जाहिरातींवर सुमारे ३७ लाख आणि इतर प्रचारावर १७ लाख डॉलर खर्च झाले. म्हणजे विक्रीच्या दर शंभर डॉलरमागे तेरा ते चौदा डॉलर नाव मनावर ठसवण्यात गेले. न्यायालयाने खरेदी अवैध ठरवली आणि १९६९ मध्ये क्लोरॉक्स पुन्हा स्वतंत्र झाली.

१९/
आजची तुलना गे-ल्यूसॅक यांच्याच मार्गाने करावी लागते. ५.२५ टक्क्यांच्या एक किलो ब्लीचमध्ये उपलब्ध क्लोरीन सुमारे ५० ग्रॅम; ६५ टक्क्यांच्या एक किलो कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये ६५० ग्रॅम. म्हणजे कोरड्या चुर्णाचा एक किलो बरोबर ब्लीचचे तेरा किलो. चूर्ण तेरा पटींहून कमी महाग असेल, तर क्लोरीन त्यातच स्वस्त पडते.

२०/
मात्र बाटल्यांची तीव्रताही सारखी नसते. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास ८.२५ टक्क्यांचे घरगुती ब्लीच आले. तलावासाठीचे द्रव क्लोरीन १० किंवा १२.५ टक्क्यांचे मिळते. लेबलवरील टक्केवारी न वाचता केलेली भावाची तुलना निरर्थक ठरते. सुगंधी किंवा दाट केलेले ब्लीच तर तलावाच्या कामाचेच नसते.

२१/
स्वस्ताईलाही अटी आहेत. द्रव क्लोरीन उष्णतेने व उजेडाने उतरते, आणि जितके तीव्र तितके वेगाने. साठा करून ठेवणाऱ्याची बचत पिंपातच विरते. कॅल्शियमयुक्त चुर्णाने पाण्याचा कठीणपणा वाढतो. टिकाऊ गोळ्यांतून सायन्युरिक आम्ल साचत जाते आणि क्लोरीनचा प्रभाव मंदावतो. शिवाय निरनिराळी क्लोरीनद्रव्ये एकमेकांत मिसळणे स्फोटक ठरू शकते.

२२/
पुरवठा किती नाजूक असतो, हेही अलीकडेच दिसले. ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा चक्रीवादळानंतर लुइझियानातील तलावाच्या गोळ्यांचा एक मोठा कारखाना जळाला. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत गोळ्यांची टंचाई झाली, भाव चढले आणि अनेक तलावमालक पुन्हा द्रव क्लोरीनकडे वळले.

२३/
या कथेचा एक धागा महाराष्ट्रातही पोहोचतो. ग्रामपंचायतींत पिण्याच्या पाण्यासाठी वापरली जाणारी 'टीसीएल पावडर' म्हणजे उष्ण हवामानात टिकावी अशी केलेली टेनंट यांचीच ब्लीचिंग पावडर. ताजी असता तिच्यात सुमारे एक तृतीयांश उपलब्ध क्लोरीन असते. ओल आणि ऊन लागले, की ती उतरते. उघड्या पोत्यातील उतरलेली पावडर कितीही स्वस्त मिळाली, तरी गावाला ती सर्वांत महाग पडते.

२४/
१७९९ मध्ये टनाला १४० पौंड मोजणारा ग्लासगोचा कापडवाला, १८४७ मधील व्हिएन्नाचा डॉक्टर आणि आजचा गावातील जलसुरक्षक यांच्यापुढचा प्रश्न एकच राहिला आहे. पोत्यावर किंवा बाटलीवर भाव काय, हे सर्वांना दिसते. आत क्लोरीन किती उरले आहे, हे मोजावे लागते. आणि जेथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असतो, तेथे न मोजण्याची किंमत पैशांत चुकती होत नाही.