अठरा खळग्यांची कुळकथा

गॉल्फचे मैदान अठरा खळग्यांचेच असावयाचे, असे आज सर्वत्र धरून चालतात. आरंभस्थान, तेथून आखूड गवताची लांब वाट, वाटेत वाळूचे खड्डे आणि शेवटी हिरवळीत सव्वाचार इंच रुंदीची खळगी, ही त्याची अंगे होत. ही मांडणी कोणा कुशल रचनाकाराने कागदावर आखली असावी, असा आपला सहजच ग्रह होतो. परंतु स्कॉटलंडातील सेंट अँड्रूज या समुद्रकाठच्या नगराचा इतिहास पाहिला म्हणजे तो टिकत नाही.

समुद्र व शेते यांच्या मधल्या वाळवट पट्ट्यास तिकडे 'लिंक्स' म्हणतात. नांगरास ती जमीन निरुपयोगी. म्हणून तीवर मेंढ्या चरत, ससे बिळे करीत व नागरिक चेंडू टोलवीत. तिरंदाजीच्या सरावाआड येतो म्हणून १४५७ साली पार्लमेंटने या खेळास बंदी केली होती. पुढे १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन याने त्या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी घेतली. तथापि तेथे खेळण्याचा नागरिकांचा हक्क त्याच्या सनदेत मान्य झाला.

मैदान म्हणजे एक अरुंद पट्टा होता. खेळाडू टोकापर्यंत जात व त्याच खळग्यांवरून परतत. एका फेरीस बावीस खळग्या होत. १७६४ साली आरंभीच्या चार आखूड टप्प्यांचे दोन केले. जातायेता मिळून चार उणे झाले व बाविसांचे अठरा उरले! पुढे गर्दी वाढल्यावर एकेका हिरवळीत दोन खळग्या केल्या. तशा सात जोडहिरवळी आजही आहेत, आणि प्रत्येकीतील दोन क्रमांकांची बेरीज अठराच येते.

१७९७ साली नगर कर्जात बुडाले व ही जमीन त्याच्या हातून गेली. सशांच्या व्यापाऱ्यांनी तेथे ससे वाढविले; मैदान पोखरले गेले; कज्जे व मारामाऱ्या अनेक वर्षे चालल्या. अखेर १८२१ साली जेम्स चीप या खेळाडू जमीनदाराने जमीन विकत घेऊन मैदान वाचविले. १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ते पुन्हा नगराचे झाले. आजही तेथे बहुतेक रविवारी खेळ बंद असतो व नागरिक मोकळेपणी फिरतात.

मैदानाची आखणी वारा, मेंढ्या व माणसांची पावले यांनी केली, हे खरे. परंतु नागरिकांनी आपली वहिवाट सोडून दिली असती, तर ती आखणी पाहावयास उरली नसती, असे आम्हांस वाटते. गावच्या सामायिक जमिनी जेथे जेथे आहेत, तेथे तेथे हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.