खेळाडूची बातमी, शरीराची चर्चा

आम्ही कांजूरमार्गहून बोलतोय. आमच्या कांजूर-भांडुपच्या पट्ट्यात कबड्डीची मंडळं पुष्कळ. त्यामुळे केस बारीक कापलेल्या, दंडाबाहूंनी भरलेल्या मुली आम्हाला नव्या नाहीत. 'ही पोरगी की पोरगा?' हा टोमणाही नवा नाही. तुमच्या शाळेच्या खो-खोच्या मैदानावरही तो ऐकू येत असेल. हाच टोमणा पेपरात छापून आला की काय होतं, ते आज सांगायचं आहे.

गोष्ट जुनी आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके जिंकली. पण कित्येक पेपरांनी लिहिलं की बायका धडाधड कोसळल्या, हे त्यांना झेपणारं नाही. शर्यत संपल्यावर दमून कोण बसत नाही हो? पुरुषही बसतात. तरी ती शर्यत बायकांसाठी बंद झाली, ती थेट १९६० साली रोमला पुन्हा सुरू झाली. बत्तीस वर्षं!

याच ८०० मीटरमध्ये डिसेंबर २००६ला दोहाच्या आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजनने रौप्यपदक मिळवलं. तमिळनाडूतल्या वीटभट्टी कामगारांची ही मुलगी. काही दिवसांत तिची लिंगचाचणी झाली आणि पदक काढून घेतलं गेलं. दवाखान्यातल्या तपासणीची गोष्ट आपण शेजारणीलाही सांगत नाही, तिची टीव्हीवरून देशभर झाली. पुढे तिच्यावर पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करायची पाळी आली.

इथे एक फरक नीट समजून घेऊ या, कारण पेपरवाले तोच पुसून टाकतात. शांती ट्रान्सजेंडर नाही. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली. काही जणींच्या शरीराची आतली घडण जन्मापासून वेगळी असते आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली, पण पुढे स्त्री म्हणून जगू लागलेली व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. दोन्हींना एकच शब्द लावून बातम्या चालतात.

त्याच दोहा स्पर्धेत रिले शर्यतीत सुवर्ण मिळवणाऱ्या संघातली पिंकी प्रामाणिक. २०१२ साली कोलकात्यात तिच्यावर बलात्काराचा आरोप झाला, ती पुरुष असल्याचं म्हटलं गेलं आणि तिच्या तपासणीची चित्रफीतसुद्धा मोबाइलवर फिरली. २०१४ साली उच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. अटकेचं आम्हाला आठवत होतं. खटला रद्द झाल्याचं मात्र ही माहिती गोळा करताना कळलं. ओडिशाची द्युती चंद लढली आणि २०१५ साली क्रीडा लवादाने तिला पुन्हा धावू दिलं.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. अनाया बांगर ही ट्रान्स स्त्री. मूळचे बीडचे क्रिकेटपटू संजय बांगर हे तिचे वडील. ती स्वतः मुंबईत क्लब क्रिकेट खेळलेली. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तिने आपल्या बदलाबद्दल जाहीर सांगितलं. बातम्या आल्या त्या मुलाची मुलगी झाली, या चालीवर, जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून. एप्रिल २०२५मध्ये एका मुलाखतीत, काही क्रिकेटपटूंनी आपल्याला अश्लील फोटो पाठवले, असं ती म्हणाली. झालं! मग ते कोण, याचीच चर्चा. तिला खेळायला कुठे मिळणार, हा तिचा मूळ प्रश्न कोपऱ्यात गेला. कारण २०२३च्या नोव्हेंबरमध्येच आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नियम केला होता की, मुलगा म्हणून वयात आलेल्या व्यक्तीला महिलांचे आंतरराष्ट्रीय सामने खेळता येणार नाहीत, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो.

नियम बरोबर की चूक? आमच्या गटात दोन मतं आहेत. मुलगा म्हणून वयात आलं की उंची, हाडं, स्नायू यांचा फायदा मिळतो, हे खरं. औषधांनी ताकद उतरते, पण किती आणि कितपत पुरेशी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बायकांच्या स्पर्धा बायकांनी झगडून मिळवल्यात, म्हणून काळजी वाटणाऱ्या बाईला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. पण हा वाद हाडांचा, स्नायूंचा, वेळेचा आहे. तो आकड्यांनी लढा. कुणाचे जुने फोटो कशाला?

आणि संशय एकीवर थांबत नाही. १ सप्टेंबर २०२५पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटातून जागतिक स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना जनुकाची चाचणी सक्तीची केली आहे. गालाच्या आतला नमुना किंवा रक्त द्यायचं, आयुष्यात एकदा. पुरुषांच्या गटात उतरणाऱ्यांना ही चाचणी नाही.