१८७६ची दक्षिण कॅरोलिनातील अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी ७ नोव्हेंबर १८७६ रोजी झालेल्या निवडणुकीत दक्षिण कॅरोलिना राज्याचा कौल रिपब्लिकन पक्षाचे रदरफर्ड हेस यांना अवघ्या ८८९ मतांनी मिळाला. हेस यांना ९१,७८६, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल टिल्डन यांना ९०,८९७ मते पडली. राज्याच्या वाट्याला ७ निर्वाचक मते होती.

यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला होता. या राज्यात त्यांचीच लोकसंख्या अधिक असल्याने सत्ता रिपब्लिकन पक्षाकडे होती. ती उलथवण्यासाठी ‘लाल सदरे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी दहशत माजवली. जुलैमध्ये हॅम्बर्ग येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले; ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी सैन्य धाडले. एजफील्ड परगण्यात तर नोंदलेली मते पात्र मतदारांच्या संख्येहून अधिक भरली.

निकालानंतर दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा केला. राज्यात डॅनियल चेंबरलेन व वेड हॅम्प्टन असे दोन गव्हर्नर आणि दोन प्रतिनिधिगृहे एकाच वेळी अस्तित्वात आली. देशभरातील जनमतात टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होते. निर्वाचक मतांत मात्र १८४ वर अडकलेल्या टिल्डन यांना बहुमतासाठी एकच मत कमी पडत होते. फ्लोरिडा, लुइझियाना व दक्षिण कॅरोलिना यांची १९ आणि ऑरेगनचे एक मत वादात सापडले. काँग्रेसने नेमलेल्या १५ सदस्यांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा बहुमताने ती सर्व हेस यांच्या पदरात टाकली. २ मार्च १८७७ रोजी हेस १८५ विरुद्ध १८४ मतांनी विजयी घोषित झाले.

दक्षिण कॅरोलिनातील कृष्णवर्णीय मतदारांनी जीव धोक्यात घालून दिलेली मते हेस यांना कामी आली. त्या मतदारांचे संरक्षण मात्र टिकले नाही. एप्रिल १८७७ मध्ये हेस यांनी कोलंबिया येथील राज्य विधानभवनातील संघीय सैन्य हटवले. चेंबरलेन यांनी पद सोडले व हॅम्प्टन यांची सत्ता निर्वेध झाली. पुढे १८९५च्या राज्यघटनेने साक्षरता व मालमत्तेच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपुष्टात आणला. तो प्रत्यक्षात परत मिळण्यास १९६५चा मताधिकार कायदा यावा लागला. रिपब्लिकन उमेदवाराला या राज्यात पुन्हा विजय मिळाला तो थेट १९६४ मध्ये, ८८ वर्षांनंतर.