चाप आणि बार यांच्या मधला क्षण

मंडळी, मस्तगडाच्या पायथ्याशी बोलायला उभं राहिलं की किल्ला कुणी बांधला हे आधी सांगावं लागतं. काबिलखानाने, १७२५ साली. ते झालं. आज आम्हाला बोलायचंय ते बंदुकीबद्दल. खरं म्हणजे बंदूक उडताना डोळे का मिटतात, याबद्दल.

हा प्रश्न आमच्या डोक्यात १९६५च्या सुमारास शिरला. आजोळी मामांकडे रानडुकरांसाठी ठासणीची दुनळी होती. मॅट्रिकच्या सुट्टीत आम्ही ती हातात घेतली आणि चाप ओढण्याआधीच डोळे घट्ट मिटले, खांदा मागे घेतला. छर्रे बांधावरच्या बाभळीत गेले. आजूबाजूची पोरं हसली. "मास्तरचं पोरगं भित्रं," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते बरीच वर्षं आमच्या मनात राहिलं.

मामांची बंदूक टोपीची होती. त्याआधीची चकमकीची बंदूक याहून कठीण. चाप ओढला की घोड्यात धरलेली गारगोटी पोलादी पत्र्यावर घासते, ठिणग्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या रंजकेवर पडतात, रंजक भडकते, तो जाळ कानातून आत जातो आणि मग नळीतली दारू पेटते. म्हणजे एका बारात दोन भडके, आणि पहिला अगदी डोळ्याशेजारी. दोहोंमध्ये जो निमिष जातो, त्यात नेम धरून राहायचं असतं. दुनळीत तर पहिल्या बाराचा धक्का खांद्याने नुकताच खाल्लेला असतो. दुसऱ्याच्या वेळी अंग आधीच आक्रसतं.

आता याच जिल्ह्यातल्या असईला चला. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं, आणि २३ तारखेला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीची गाठ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी पडली. दोन्हीकडे कवायती पायदळ, दोन्हीकडे चकमकीच्या बंदुका. इंग्रजी पलटणीत त्या वेळी हुकूम बंदूक समोर रोखण्याचा असे, एकेकाने नेम साधण्याचा नव्हे. शेकडो नळ्या एकदम उडाल्या की एखाद्याचे डोळे मिटले काय, न मिटले काय. भीती काढून टाकण्याऐवजी तिची अडचण होणार नाही अशी व्यवस्थाच कवायतीने केली होती. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटतं.

या लढाईबद्दल आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "भाडोत्री गारदी, पळाले." अर्धंच खरं आहे. ७८व्या हायलँडर पलटणीने एक फैर झाडून संगिनी रोखल्या, तेव्हा समोरच्या पायदळाची फळी फुटली, हे खरं. पण तोफांवरचे गोलंदाज जागेवरून हलले नाहीत. कित्येक जण तोफेपाशीच मारले गेले. काही मेल्याचं सोंग करून पडून राहिले, आणि इंग्रजी रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीवर तोफा डागल्या. त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला मागे फिरावं लागलं. त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. गोलंदाजांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. इंग्रजांनी त्यांचं कौतुक केलं, आपण "पळाले" म्हणून मोकळे झालो.

मग दचकणं म्हणजे भित्रेपणा का? डार्विनने १८७२च्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग नोंदवलाय. प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने तोंड लावलं, मागे हटायचं नाही असा निश्चय केला. सापाने झडप घातली आणि साहेब एक-दोन यार्ड मागे उडाले. काच मध्ये आहे हे त्याला ठाऊक होतं. स्टोइक मंडळींनी हे आधीच ओळखलं होतं: पहिला झटका शरीराचा, तो शहाण्यालाही चुकत नाही, त्याला होकार द्यायचा की नाही, एवढंच आपल्या हाती.

एक गंमत सांगतो. रंजकेचा भडका पाहून पक्षी सावध होतात, म्हणून स्कॉटलंडमधल्या फोर्साइथ नावाच्या शिकारीवेड्या पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली. तिचं पेटंट १८०७चं, म्हणजे असईनंतर चार वर्षांनी. पुढे त्यातूनच टोपी आली आणि फिरत फिरत आमच्या मामांच्या दुनळीवर बसली.

मामांनी आमच्यावर उपाय केला तो असा. बंदूक ते स्वतः भरायचे, आमच्याकडे पाठ करून. कधी पुरा बार, कधी नळी रिकामी आणि वर नुसती टोपी. हातात देताना सांगायचे नाहीत. रिकाम्या नळीवर टोपी फुटायची, "फट्" आवाज व्हायचा, आणि तरी नळीचं तोंड हातभर खाली गेलेलं सगळ्यांना दिसायचं. "बघ, बार नव्हताच. मग तू कशाला दचकलास?" एवढंच ते म्हणायचे, आणि पुन्हा भरायला पाठ फिरवायचे. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी टोपी फुटली तेव्हा नळी जागची हलली नाही. डोळे मात्र मिटले होते.

"मिटू देत," मामा म्हणाले, "हात राहिला ना जागेवर?"