बातमी आणि चळवळ

सत्याग्रहाच्या अभ्यासकास जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली हे मोठेच भांडार होय. परंतु त्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती होत्या, हे आधी पाहावे लागते. २१ मे १९३० रोजी सुमारे २५०० सत्याग्रही गुजरातेतील धारासणा येथील मिठागरावर चालून गेले. तुकडीमागून तुकडी पुढे जाई, लाठ्या खाई आणि कोसळे. प्रतिकारासाठी हात म्हणून कोणी उगारला नाही. हे जगाला कळले ते वेब मिलर या अमेरिकन बातमीदारामुळे. तात्पुरत्या रुग्णालयात जाऊन त्याने जखमी स्वतः मोजले. ते ३२० भरले. दोघे मरण पावले होते. हा आकडा एका छपराखालचा, एका वेळचा. त्यास दिवसाची एकूण संख्या मानण्याची चूक सहज घडते. शिवाय मिलरची तार आधी अडविण्यात आली होती. त्याने हट्ट धरला, म्हणून ती सुटली!

२७ एप्रिलच्या वटहुकमाने छापखान्यांवर जामिनाची टांगती तलवार आली होती. अशा काळात बातम्या घटल्या म्हणून चळवळ ओसरली, असे अनुमान काढणे धाडसाचेच. कदाचित छापखानेच थांबले असतील.

शहरातल्या मिरवणुकीला बातमीदार हाताशी असे. जंगल सत्याग्रहाच्या रानापर्यंत तो क्वचितच पोचे. चिरनेरचे नाव २५ सप्टेंबर १९३० च्या गोळीबाराने सर्वतोमुखी झाले. ज्या गावी गोळी सुटली नाही, तेथील सत्याग्रही शोधावयाचे तर रकाने मिटून तुरुंगाच्या नोंदवह्याच उघडाव्या लागतात.