लॉई फुलर : रेशमामागचे हात

व्हरायटी थिएटरच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या हाती मी सर्वप्रथम एक पेटंट देईन. १८९४ साली ते अमेरिकेत लॉई फुलर या नर्तिकेच्या नावावर नोंदले गेले. विषय आहे नर्तिकेचा झगा. त्याच्या घेरात आतून काठ्या बसवायच्या आणि त्या हातात धरून कापड फिरवायचे. हात दिसत नाहीत, पण त्यांची झेप कितीतरी वाढते आणि हवेत रेशमाची वलये उभी राहतात.

इलिनॉयमध्ये १८६२ साली जन्मलेली फुलर लहानपणापासून नाटकमंडळ्यांत आणि व्हॉडव्हिलमध्ये वाढली. नृत्याचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नव्हते. १८९२च्या नोव्हेंबरात ती पॅरिसच्या फोली बर्जेर या करमणूक-थिएटरात उभी राहिली, तोवर रेशीम फिरवत केलेल्या तिच्या ‘सर्पनृत्या’च्या नकला तिच्या आधीच तिथे पोचल्या होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिने एका नकलाकार नर्तिकेविरुद्ध दावा लावला आणि ती हरली. ज्या नृत्यात कथा नाही, पात्र नाही, ते नाट्यकृती ठरत नाही, म्हणून त्याला कायद्याचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल या क्षेत्राचा कळीचा दस्तऐवज वाटतो. नृत्यरचनेचा स्पष्ट उल्लेख अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात यायला १९७६ साल उजाडले. आपल्याकडेही लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचे नाव टिकले. ती लावणी फडावर उभी करणारीने अदा कशी बांधली, हे मात्र क्वचितच कुणी टिपून ठेवले.

नाचावर हक्क मिळेना, तेव्हा फुलरने झगा, आरसे, मंचाची यंत्रणा यांवर हक्क नोंदवले. तिचे खरे काम इथे दिसते. अग्निनृत्यासाठी तिने मंचात काच बसवून खालून प्रकाश सोडला. वेगवेगळ्या कोनांतून रंगीत झोत टाकणारे वीजतंत्रज्ञ तिच्या इशाऱ्यांवर काम करत. ती नुसती नाचत नव्हती. कापड, वीज आणि माणसे यांची एकत्र रचना करत होती. करमणुकीच्या स्वस्त कार्यक्रमात, कसरतपटू आणि विनोदवीरांच्या बरोबरीने हे घडले, म्हणून नृत्याच्या इतिहासाने ते फार काळ परिशिष्टात ढकलले. हा अन्याय होता, असे माझे ठाम मत आहे. कवी मालार्मेने तिच्यावर लिहिले, चित्रकार तुलूझ-लोत्रेकने तिची शिळामुद्रित चित्रे काढली, १९००च्या पॅरिस प्रदर्शनात तिचे स्वतःचे थिएटर होते आणि तिथे तिने जपानची अभिनेत्री सादा याक्को हिला मंच दिला.

साधनांबाबत सावध राहावे. सर्पनृत्य म्हणून आज ज्या जुन्या चित्रफिती दाखवल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींत दुसऱ्याच नर्तिका आहेत. एडिसनच्या फितीतली ॲनाबेल हे ठळक उदाहरण. फुलरचे आत्मचरित्र १९०८ साली लेखक आनातोल फ्रान्सच्या प्रस्तावनेसह निघाले. ते रसाळ आहे, पण त्यातली फुलर स्वतःला जवळजवळ योगायोगाने घडलेली कलावती म्हणून रंगवते. म्हणून ते वाचताना पेटंटांचे आराखडे शेजारी उघडे ठेवावेत.