सहाशे साचे

परवा संध्याकाळी शेजारची मुलगी दोन कागद घेऊन आली. "बाई, एवढं तपासून द्याल?" फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'तल्या काही ओव्यांना चाली लावून नाताळात गायचा तिचा बेत आहे. चर्चच्या हॉलमध्ये, पेटी-तबल्यावर, दोनच कार्यक्रम. अशा कामांना थोडीफार मदत करणारा एक धर्मादाय न्यास आहे, त्यांच्याकडे हा अर्ज.

अर्जात कलेची थोरवी दोन पानं आणि खर्च एका ओळीत! "तबलजीचे किती? हॉलचं भाडं?" मी विचारलं.

"बाई, देवाच्या कामात हिशेब कसला मांडायचा?"

म्हटलं, बस. ज्याच्या ओव्या तू गाणार आहेस, त्यानेही हिशेब मांडला होता.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या मी वर्गात किती वर्षं शिकवल्या! पण त्याचं एक पत्रही तितकंच वाचण्याजोगं आहे. १६०८ साली त्याने आपल्या संघाचे रोममधले प्रमुख आक्वाव्हिवा यांना ते लिहिलं. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत, ही त्याची बऱ्याच वर्षांची इच्छा होती. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण देशी अक्षरांचे खिळे नव्हते.

पत्रात तो आधी दाखला देतो: मलबारात अशी पुस्तकं निघाली आणि तिथल्या ख्रिस्ती समाजाला त्यांचा लाभ झाला. (कोल्लमला १५७८ साली तमिळ अक्षरांत पुस्तक छापलं गेलं होतं.) मग अडचण सांगतो. युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे साचे लागतात सहाशे. पण ते आता दोनशेवर आणता आले आहेत! दुसरी अडचण परवानगीची. इथल्या वरिष्ठांच्या मागे कामं फार, तेव्हा आपण त्यांना शिफारशीचे दोन शब्द लिहावेत, एवढीच विनंती.

गरज, दाखला, खर्चाचा अंदाज, कुणाची सही हवी... अर्जाला आणखी काय लागतं? मला तर ते सहाशेचे दोनशे करणं फार मोठं वाटतं. त्यामागे किती रात्री अक्षरं मांडून पाहिली असतील!

पण खिळे काही झाले नाहीत. १६१६ साली रायतूरला, म्हणजे राशोलला, क्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा आपली आणि अक्षरं परकी. फक्त बाळबोध शिकलेल्याला ते पुस्तक हातात घेऊनही वाचता आलं नसतं. छापील देवनागरी क्रिस्तपुराण शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढलं, ते १९५६ साली. म्हणजे ३४० वर्षांनी. दोनशे साच्यांचा खर्च वाचला, त्याची ही किंमत.

तरीही स्टीफन्स खिळ्यांसाठी अडून बसला नाही, हे विसरू नये. मिळाली त्या अक्षरांत त्याने पुराण छापलं आणि तीन वर्षांनी, १६१९ साली, तो गेला.

हे सांगताना माझंच मला आठवलं. नोकरीत असताना शाळेतल्या मुलांना घेऊन असंच एक संगीत नाटक करायचं मनात होतं. एका संस्थेकडे अर्ज केला. उत्तर आलं नाही. मी वाट पाहत राहिले आणि ती मुलं दहावी होऊन गेली. त्यातला एक जण मध्यंतरी बाजारात भेटला, केस पांढरे झालेले. म्हणाला, "बाई, ते नाटक राहिलंच." आजही ते वाक्य बोचतं. संस्थेचं चुकलं असेल. पण वाट मी पाहिली.

असो. आम्ही दोघींनी अर्ज नव्याने लिहिला. तबलजी, हॉल, माईक आणि ओव्यांच्या मोठ्या अक्षरांतल्या शंभर झेरॉक्स, देवनागरीत. थोरवी अर्ध्या पानावर आणली.

जाताना ती म्हणाली, "आणि नाहीच मिळाले पैसे तर?"

"तर माझी पेटी घेऊन जा," मी म्हटलं. "तारीख मात्र आजच ठरव."